सात मेगाहर्ट्झवरचा दीड हर्ट्झ: एसआय ५३५१ ला आकडे लिहून देताना

पुण्यातल्या एका परवानाधारक हॅमने (हौशी रेडिओवाल्याने) ४० मीटर बँडसाठी छोटा डब्ल्यूएसपीआर बीकन, म्हणजे आपोआप छोटा संदेश पाठवत राहणारा ट्रान्समीटर, जुळवला होता. सगळं सामान ओळखीचं: आर्डुइनो नॅनो (छोटी मायक्रोकंट्रोलर पाटी), एसआय ५३५१ए या फ्रिक्वेन्सी तयार करणाऱ्या चिपचं तयार मॉड्यूल, जीपीएस मॉड्यूल, एक ट्रान्झिस्टर आणि लो-पास फिल्टर. प्रोग्राम चढला, आयटूसी बसवर (नॅनो आणि चिप यांना जोडणाऱ्या दोन तारांवर) चिप सापडली, शेजारच्या रिसीव्हरवर सिग्नल ठणठणीत ऐकू येऊ लागला. दर खेपेला एकशे दहा सेकंदांचं प्रक्षेपण वेळेवर सुरू व्हायचं आणि वेळेवर संपायचं. पण डिकोड शून्य. दूरच्या स्टेशनांचं सोडाच, त्याच टेबलावरच्या संगणकालाही संदेश वाचता येत नव्हता. या बीकनमध्ये नेमकं काय बिघडलं होतं आणि ते कोणत्या क्रमाने सुटलं, त्याची ही नोंद आहे.

आधी दुखण्याचं माप सांगतो. डब्ल्यूएसपीआर (बोलताना सगळे ‘व्हिस्पर’ म्हणतात) जो टेलर यांनी २००८ मध्ये आणला. हे तेच टेलर, ज्यांना जोड-पल्सारच्या शोधासाठी १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. कॉलसाइन, चार अक्षरांचा लोकेटर (नकाशावरच्या चौकटीचा संकेत, पुण्याचा एमके ६८) आणि शक्ती एवढंच यात पाठवायचं असतं. ही माहिती ५० बिटांत बसवून, दुरुस्तीचे बिट घालून, १६२ चिन्हं तयार होतात. प्रत्येक चिन्ह म्हणजे चारपैकी एक सूर. दोन लगतच्या सुरांतलं अंतर १२००० भागिले ८१९२, म्हणजे १.४६४८ हर्ट्झ. प्रत्येक सूर ०.६८२७ सेकंद टिकतो. ४० मीटरवर हे सगळं ७०,४०,००० ते ७०,४०,२०० हर्ट्झ या दोनशे हर्ट्झच्या पट्टीत बसवावं लागतं.

थोडक्यात, सत्तर लाख हर्ट्झवर उभं राहून दीड हर्ट्झची पावलं टाकायची. त्यातही मूळ जागा दोनशे हर्ट्झच्या आत हवी. ही दोन बंधनं वेगवेगळी आहेत आणि या बीकनमध्ये दोन्ही एकदमच मोडली होती. म्हणूनच एक सुधारून काही फरक दिसत नव्हता.

चिप काय मागते

एसआय ५३५१ मूळ सिलिकॉन लॅब्जची. त्यांचा हा व्यवसाय २०२१ मध्ये स्कायवर्क्सकडे गेला. दहा पायांच्या ‘ए’ प्रकारात तीन आउटपुट मिळतात आणि किंमत इतकी कमी, की हौशी रेडिओवाल्यांनी जुने एलसी ऑसिलेटर जवळपास सोडून दिले. हैदराबादच्या अशहर फरहान यांच्या यूबिटएक्स ट्रान्सीव्हरमध्ये तिन्ही ऑसिलेटर याच एका चिपमधून, नॅनोच्या हुकमावर, निघतात. भारतातल्या कितीतरी हॅमची या चिपशी ओळख त्या पाटीवरच झाली.

आत दोन टप्पे आहेत. २५ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला पीएलएल (असे दोन, ए आणि बी) गुणतो आणि ६०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या मधली एक फ्रिक्वेन्सी तयार करतो. पुढे मल्टिसिंथ नावाचा भाजक तिला भागतो आणि हवी ती फ्रिक्वेन्सी बाहेर देतो. दोन्ही टप्प्यांचं गुणोत्तर ‘अ अधिक ब छेद क’ या रूपात लिहायचं. ब आणि क वीस बिटांचे, म्हणजे छेद जास्तीत जास्त १०,४८,५७५.

मात्र अ, ब, क चिपला थेट सांगता येत नाहीत. ती तीन वेगळे आकडे मागते:

पी१ = १२८ × अ + (१२८ × ब ÷ क चा पूर्णांक भाग) − ५१२
पी२ = १२८ × ब ला क ने भागून उरलेली बाकी
पी३ = क

हे तीन आकडे तोडून आठ बाइट होतात. पीएलएल-ए साठी ते २६ ते ३३ या रजिस्टरांत जातात, पहिल्या आउटपुटच्या मल्टिसिंथसाठी ४२ ते ४९ मध्ये. बाइटांचा क्रम सरळ नाही. आधी पी३ चे खालचे दोन बाइट, मग पी१ चे तीन, मग एका बाइटात डावीकडे पी३ चे वरचे चार बिट आणि उजवीकडे पी२ चे वरचे चार, शेवटी पी२ चे खालचे दोन. रजिस्टर ३१ म्हणजे तो अर्धा-अर्धा बाइट. हाताने कोड लिहिणारे बहुतेक सगळे तिथेच अडखळतात. हे सगळं एएन ६१९ या अॅप्लिकेशन नोटमध्ये आहे. ती नोट रुक्ष आहे, पण मुळातूनच वाचावी, कारण फिरून फिरून आलेल्या कोडमध्ये तिच्यातल्या अर्ध्याच गोष्टी उतरलेल्या असतात.

बसचा भाग त्या मानाने सोपा. सात बिटांचा पत्ता हेक्स ६०. ज्या डॉक्युमेंटात तो सी० दिसतो तिथे लिहिण्याचा बिट धरून आठ बिट मोजलेले असतात. पत्ता एकच. वेग ४०० किलोहर्ट्झपर्यंत चालतो. चिप ३.३ व्होल्टची, नॅनो ५ व्होल्टचा. ५ व्होल्टवरच्या एटीमेगा ३२८ ला या दोन तारांवर ‘वर’ समजण्यासाठी पुरवठ्याच्या ०.७ पट, म्हणजे साडेतीन व्होल्ट लागतात. ३.३ व्होल्टला ओढलेली तार तिथे कागदोपत्री तरी नापास होते, प्रत्यक्षात बहुधा चालून जाते. या मॉड्यूलवर लेव्हल शिफ्टर होता, त्यामुळे तो प्रश्न आला नाही. नुसती चिप जोडणाऱ्याने तो टाळू नये.

‘हो’ म्हणणारी बस

पहिला संशय साहजिकच बसवर गेला. पण प्रत्येक बाइटला पोच येत होती, आर्डुइनोच्या वायर लायब्ररीचं उत्तर दर वेळी शून्य, म्हणजे चूक नाही. रजिस्टर ० वाचलं तर वरचा बिट शून्य, म्हणजे चिप जागी होऊन तयार. पीएलएल-ए चा लॉक सुटल्याचा बिट (पाचवा) हाही शून्य. लिहिलेली रजिस्टरं परत वाचली, जशीच्या तशी मिळाली.

आयटूसीवर पोच म्हणजे बाइट पोचला, एवढंच. आठ बाइटांचा मिळून अर्थ काय होतो हे चिप तपासत नाही, आणि तपासलं तरी तक्रार करायला तिच्याकडे जागा नाही. लॉकचा बिटही इतकंच सांगतो की पीएलएल सांगितलेल्या गुणोत्तरावर स्थिर आहे. ते गुणोत्तर हवं तेच आहे का, हे त्याला ठाऊक नसतं. इथे बस निर्दोष होती. बसवरून जाणारे आकडे सदोष होते, आणि त्यातला एक तर मायक्रोकंट्रोलरला ठाऊकच नव्हता.

ऑसिलोस्कोप लावूनही उपयोग नव्हता. पडद्यावर सुरेख सात मेगाहर्ट्झ दिसतो. दीड हर्ट्झचा फरक त्यावर दिसायचा म्हणजे योगायोगच.

पहिलं बिघडलेलं: क्रिस्टल

रिसीव्हर ७०३८.६ किलोहर्ट्झवर, वरच्या साइडबँडवर ठेवला की डब्ल्यूएसपीआरची पट्टी ऑडिओत १४०० ते १६०० हर्ट्झच्या मधे येते. डिकोडर तेवढंच पाहतो. बीकनला ७०,४०,१०० हर्ट्झ सांगितलेले होते, म्हणजे सिग्नल १५०० वर दिसायला हवा होता. वॉटरफॉलवर (वेळेनुसार फ्रिक्वेन्सी दाखवणाऱ्या पडद्यावर) तो १६६० च्या आसपास होता, खिडकीच्या बाहेर. डोळ्यांना स्वच्छ दिसत होता, डिकोडरला अजिबात नाही.

पण रिसीव्हर तरी बरोबर कशावरून? त्याचाही क्रिस्टलच. तेव्हा मोजणी जीपीएसवर करायची ठरलं, आणि त्यासाठी चिपचाच दुसरा अर्धा भाग वापरला. पीएलएल-बी ला गुणोत्तर २४, अपूर्णांक नाही, म्हणजे ६०० मेगाहर्ट्झ. दुसऱ्या आउटपुटचा मल्टिसिंथ १२०. बाहेर ५ मेगाहर्ट्झ, क्रिस्टलचा बरोबर पाचवा हिस्सा. सगळे पूर्णांक घेतले की मोजमापात गणिताची घाण मिसळत नाही. जी चूक दिसेल ती क्रिस्टलचीच.

हा ५ मेगाहर्ट्झ नॅनोच्या डी५ वर, म्हणजे टायमर १ च्या बाहेरच्या घड्याळाच्या पायावर दिला. जीपीएसचा दर सेकंदाचा ठोका डी८ वर, इनपुट कॅप्चरला. १६ मेगाहर्ट्झच्या एटीमेगाने बाहेरून मोजायची फ्रिक्वेन्सी ६.४ मेगाहर्ट्झच्या आत ठेवावी लागते, म्हणून दहाऐवजी पाच. टायमर सोळाच बिटांचा, त्यामुळे तो किती वेळा भरून वाहिला हे वेगळं मोजावं लागतं. दहा सेकंदांत पाच कोटी ठोके यायला हवेत. एका ठोक्याची चूक धरली तरी मोजणी दहा कोटींत दोन भागांपर्यंत बिनचूक असते.

आले ५,००,०१,१५०. म्हणजे क्रिस्टल दहा लाखांत २३ ने पुढे. २५ मेगाहर्ट्झ म्हणून विकलेला क्रिस्टल प्रत्यक्षात २,५०,००,५७५ हर्ट्झचा. स्वस्त क्रिस्टलसाठी ही चूक फार नाही, सात मेगाहर्ट्झच्या साध्या ट्रान्सीव्हरमध्ये ती कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण ७०४० किलोहर्ट्झवर २३ भाग म्हणजे १६२ हर्ट्झ, आणि पट्टीच दोनशेची.

इथे एक फाटा लक्षात ठेवण्यासारखा आहे. क्रिस्टलवरचा लोड कपॅसिटर चिपच्या आतच असतो आणि तो रजिस्टर १८३ मधून निवडतात: ६, ८ किंवा १० पिकोफॅरड. ही निवड बदलली की क्रिस्टलही सरकतो. म्हणून हे रजिस्टर आधी ठरवायचं, मग मोजायचं. हेक्स डी२ लिहिलं की १० पिकोफॅरड मिळतात, आणि खालचे सहा बिट नोटमध्ये सांगितल्याप्रमाणेच राहतात. काही जण हीच निवड बदलून क्रिस्टल जागेवर आणायचा प्रयत्न करतात. तीन पायऱ्यांनी २३ भाग नेमके काढता येणार नाहीत. खरी फ्रिक्वेन्सी मोजून सूत्रात घालणं कमी कष्टाचं.

प्रोग्राममध्ये २,५०,००,००० च्या जागी २,५०,००,५७५ लिहिलं. सिग्नल १५०० वर आला. डिकोड अजूनही नाही.

दुसरं बिघडलेलं: चार सुरांची अंतरं

आता रिसीव्हरचा आवाज फाइलमध्ये घेतला आणि लांब खिडकीचं एफएफटी (आवाजातल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या करणारं गणित) चालवलं. हे महत्त्वाचं. साध्या वॉटरफॉलचं पृथक्करण काही हर्ट्झचं असतं, त्यात चार सूर एकमेकांत मिसळून एकच जाड रेघ दिसते. लांब खिडकीत चार रेघा सुट्या झाल्या. पण त्यांची अंतरं सारखी नव्हती: एक हर्ट्झ, एक हर्ट्झ, दोन हर्ट्झ.

कारण एका ओळीत सापडलं. प्रोग्राममधलं फ्रिक्वेन्सी ठरवणारं फंक्शन पूर्ण हर्ट्झ घेणारं होतं, अनसाइन्ड लाँग. ०, १.४६, २.९३ आणि ४.३९ हे सूर त्यात जाताना ०, १, २, ४ झाले. व्हीएफओसाठी (हवी तशी फ्रिक्वेन्सी बदलता येणाऱ्या ऑसिलेटरसाठी) हे फंक्शन उत्तम आहे, तिथे एक हर्ट्झच्या खाली कोणी पाहत नाही. ते इथे आणून बसवलं, एवढंच. डिकोडरच्या दृष्टीने तिसरा सूर ०.९३ हर्ट्झने खाली होता, म्हणजे त्याच्या योग्य जागेपेक्षा शेजारच्या जागेच्या जवळ. असं चिन्हांमागून चिन्ह चुकत गेल्यावर दुरुस्तीचे बिट तरी किती सावरणार?

सुचलेला पहिला उपाय होता फंक्शनला डबल द्यायचा. नॅनोवर हा सापळा आहे. एव्हीआरच्या आर्डुइनोत डबल चार बाइटांचाच असतो, म्हणजे फ्लोटच. सात मेगाहर्ट्झच्या आसपास फ्लोटचे लागोपाठचे दोन आकडे अर्ध्या हर्ट्झच्या अंतरावर असतात. १२६ ने गुणून ८८ कोटींवर गेलं की हे अंतर ६४ हर्ट्झ होतं, आणि गुणोत्तराचा ३५.४८ हा आकडा फ्लोटमध्ये ठेवला की आउटपुटवर पाऊण हर्ट्झची पायरी पडते. इंचाच्या फूटपट्टीने मिलिमीटर मोजण्यासारखं हे काम. गंमत म्हणजे नेमक्या ७०,४०,१०० हर्ट्झवर हिशोब करून पाहिला तर चारही सूर बऱ्यापैकी सारख्या अंतरावर पडतात, दीड-दीड हर्ट्झवर, आणि डिकोडही होतील. पण ती त्या एका आकड्याची मेहेरबानी. मूळ फ्रिक्वेन्सी थोडी सरकवली की एखादं अंतर पाऊण हर्ट्झने आखडू शकतं. चालणारा पण न समजलेला कोड बीकनमध्ये नको, कारण बीकन छतावर एकटा असतो.

दुसरा मार्ग ६४ बिटांच्या पूर्णांकांचा. प्रचलित लायब्रऱ्यांपैकी एक फ्रिक्वेन्सी हर्ट्झच्या शंभराव्या भागात, ६४ बिटांतच घेते. ती नीट चालते आणि घाईत असणाऱ्याने तीच वापरावी. पण इथे सूर चारच, आणि तेही कधी न बदलणारे. मग दर ०.६८ सेकंदाला नॅनोने तेच भागाकार कशाला करायचे? हिशोब एकदाच कागदावर करून ठेवला तर त्या कोडमधून कमी रजिस्टरं लिहावी लागतात, आणि पुढे दिसेल तसं, फारच कमी.

छेद आपल्या सोयीचा

बहुतेक कोडमध्ये छेद सर्वांत मोठा, १०,४८,५७५, धरलेला असतो. सर्वसाधारण कामाला ते बरोबरच: छेद मोठा, तितकी पायरी बारीक. इथे मात्र पायरी किती बारीक यापेक्षा १.४६४८ हर्ट्झमध्ये ती पूर्ण वेळा बसते का, हे महत्त्वाचं.

मल्टिसिंथचा भाजक १२६ घेतला. सम पूर्णांक असला की आउटपुट अधिक स्वच्छ मिळतं, म्हणून अपूर्णांक फक्त पीएलएलकडे ठेवायचा. ७०,४०,१०० गुणिले १२६ म्हणजे ८८,७०,५२,६०० हर्ट्झ, ९०० मेगाहर्ट्झच्या आत. ब एकाने वाढवला की आउटपुट क्रिस्टल भागिले (क × १२६) इतकं वाढतं. सात पायऱ्यांत एक सूर बसावा असं ठरवलं, तर

क = ७ × २,५०,००,५७५ ÷ (१२६ × १.४६४८४३७५) = ९,४८,१६९.९६

म्हणजे ९,४८,१७०. जवळपास पूर्णांकच मिळाला, आणि राहिलेला फरक हर्ट्झच्या लाखाव्या भागाहूनही लहान. सहा किंवा पाच पायऱ्यांनीही जमलं असतं, पण सात पायऱ्यांना छेद मर्यादेच्या आत राहून सर्वांत मोठा येतो. आठ घेतले तर वीस बिटांबाहेर जातो.

आता गुणोत्तर: ८८,७०,५२,६०० ÷ २,५०,००,५७५ = ३५.४८१२८८. अ ३५, ब ४,५६,३४३. मूळ फ्रिक्वेन्सीतली गोळाबेरीज हर्ट्झच्या विसाव्या भागाएवढी, तिची फिकीर नाही. पुढे चिपच्या भाषेत:

१२८ × ४,५६,३४३ = ५,८४,११,९०४. ९,४८,१७० ने भागलं तर ६१, बाकी ५,७३,५३४.
पी१ = ४४८० + ६१ − ५१२ = ४०२९
पी२ = ५,७३,५३४
पी३ = ९,४८,१७०

पुढचा सूर म्हणजे ब मध्ये ७ जास्त. म्हणजे १२८ × ब मध्ये ८९६ जास्त. भागाकार ६१ वरच राहतो आणि फक्त बाकी वाढते: ५,७३,५३४, ५,७४,४३०, ५,७५,३२६, ५,७६,२२२. चारही आकडे छेदापेक्षा लहान, त्यामुळे पी१ ला हात लावायचं कारणच नाही. पी३ तर बदलतच नाही.

हेच हेक्समध्ये पाहिलं तर आणखी सोपं होतं. २६ ते ३३ या रजिस्टरांत अनुक्रमे ७७, सीए, ००, ०एफ, बीडी, ई८, सी०, ५ई. पी२ च्या चार किमती म्हणजे ८सी०५ई, ८सी३डीई, ८सी७५ई आणि ८सीएडीई. वरचं ८ चारही ठिकाणी तेच, म्हणजे अडचणीचं रजिस्टर ३१ देखील जसंच्या तसं राहतं. सूर बदलायला फक्त ३२ आणि ३३ लिहायची. पत्ता, रजिस्टर क्रमांक आणि दोन बाइट: चार बाइट, पोचेसकट छत्तीस बिट, १०० किलोहर्ट्झच्या बसवर मिलिसेकंदाच्या अर्ध्याहून कमी. सूर टिकतो ६८२ मिलिसेकंद. नॅनोच्या स्मरणात आठ बाइटांचा तक्ता, प्रक्षेपणात भागाकार एकही नाही.

मल्टिसिंथ एकदाच लिहायचा: अ १२६, ब ०, क १, म्हणजे पी१ १५,६१६, हेक्स ३डी००. पहिल्या आउटपुटचं कंट्रोल रजिस्टर १६ मध्ये हेक्स ४एफ: पूर्णांक पद्धत, पीएलएल-ए, स्वतःचा मल्टिसिंथ, ८ मिलिअँपिअरचा जोर.

रीसेट एकदाच

जुन्या फंक्शनच्या शेवटी आणखी एक ओळ होती: रजिस्टर १७७ मध्ये हेक्स ए०, म्हणजे दोन्ही पीएलएलना रीसेट. दर वेळी फ्रिक्वेन्सी लिहिली की रीसेट. वॉटरफॉलवर दर सुराच्या सुरुवातीला उभी बारीक रेघ उमटत होती, ती याचीच. क्षणभर आउटपुट तुटतं आणि फेज उडी मारते. बँडवर ती तडतड शेजाऱ्यांनाही जाते, आणि डब्ल्यूएसपीआरचे सूर तर फेज न तोडता एकमेकांत सरकायला हवेत.

रीसेट लागतो, पण सुरुवातीला. नोटमधला क्रम असा: रजिस्टर ३ मध्ये एफएफ लिहून सगळी आउटपुट बंद (इथे शून्य म्हणजे चालू, एक म्हणजे बंद, हे उलटं आहे), १६ ते २३ मध्ये ८० लिहून सगळे ड्रायव्हर झोपवायचे, मग सगळे आकडे, मग १७७ मध्ये एसी, आणि शेवटी रजिस्टर ३ मधून हवं ते आउटपुट उघडायचं. पुढे पी२ ची किंमत थोडी बदलली तर पीएलएल विनारीसेट सरकत जातो. दोन आउटपुटांत ९० अंशांचा फेजफरक राखायचा असेल तर रीसेटची गोष्ट वेगळी असते, पण तो इथला विषय नव्हे.

त्या क्रमात आणखी एक बाइट घातला: रजिस्टर १४९ चा वरचा बिट शून्य. तो स्प्रेड स्पेक्ट्रमचा बिट. डिजिटल पाट्यांवर विकिरण पसरवून मापात बसवायला ही सोय असते, आणि ती फक्त पीएलएल-ए वर चालते, म्हणजे नेमकी आपल्या पीएलएलवर. दीड हर्ट्झच्या सुरांना ती सुरू राहिली तर काय होईल ते सांगायला नको. कोरी चिप रजिस्टरं स्वतःहून लक्षात ठेवत नाही, वीज गेली की सगळं पुन्हा लिहावं लागतं, त्यामुळे हा बाइट प्रत्येक सुरुवातीच्या क्रमातच हवा.

मोजणीसाठी चालू केलेला ५ मेगाहर्ट्झ प्रक्षेपणाच्या वेळी बंद करायचा, रजिस्टर १७ मध्ये ८०. ही तीन आउटपुट एकाच तुकड्यावर बसलेली आहेत, शेजारचं चालू असलं की त्याचा अंश पहिल्यात झिरपतो. चिपचं आउटपुट मुळातच चौकोनी, तिसरा हार्मोनिक २१ मेगाहर्ट्झवर जोरात येतो, म्हणून लो-पास फिल्टर चुकवता येत नाही. त्यात शेजारची घाण कशाला वाढवायची?

नंतर

नवीन तक्ता चढवल्यावर त्याच टेबलावरच्या संगणकाने पहिल्याच पूर्ण प्रक्षेपणात संदेश वाचला. लांब एफएफटीत चार रेघा सारख्या अंतरावर आल्या, उभ्या रेघा गेल्या. त्यानंतर अँटेना जोडली आणि दूरचे अहवाल यायला लागले. ट्रान्झिस्टरशिवाय, नुसत्या चिपच्या दहा मिलिवॉटच्या आसपासच्या आउटपुटवरही ते आले, पण त्याचं श्रेय ४० मीटरच्या रात्रीला जास्त आणि चिपला कमी.

उरली ती घसरण. ट्रान्झिस्टर तापला की शेजारचं मॉड्यूल तापतं आणि क्रिस्टल सरकतो. दहा लाखांत एक भाग सरकला तरी सात हर्ट्झ होतात, आणि दोन मिनिटांत एवढं सरकणं डिकोडरला जड जातं. मॉड्यूल वेगळ्या छोट्या डब्यात ठेवून आणि प्रक्षेपणांच्या मधल्या वेळेतही चिप चालू ठेवून (फक्त आउटपुटचा दरवाजा रजिस्टर ३ ने बंद) ती पुरेशी कमी झाली. जीपीएस तिथे आहेच, तेव्हा दर प्रक्षेपणाआधी दहा सेकंद मोजून क्रिस्टलची फ्रिक्वेन्सी ताजी करता येते. पण मग भागाकार पुन्हा नॅनोकडे येतात. हे गणित दोन मिनिटांतून एकदाच आणि ६४ बिटांत करायचं असल्याने त्यात अडचण नाही, फक्त ते सुरांच्या मधे करू नये.

चिन्हांच्या वेळेबद्दल एक ओळ: १६ मेगाहर्ट्झ भागिले १०२४ वर टायमर ठेवला तर एक चिन्ह १०,६६६.६७ ठोक्यांचं होतं. १०,६६७ धरून दर तिसऱ्या चिन्हाला एक ठोका कमी केला की हिशोब जुळतो. पाटीवर क्रिस्टलऐवजी सिरॅमिक रेझोनेटर असेल तर मात्र जीपीएसच्या ठोक्यांवरच वेळ धरावी.

हाच बीकन २० मीटरवर नेताना तक्ता नव्याने काढावा लागतो, आणि तिथे एक तपासणी राहून जाण्यासारखी आहे. १,४०,९७,१०० हर्ट्झला भाजक ६२ येतो, एका सुराला तीन पायऱ्या धरल्या तर छेद ८,२५,८२५. अ ३४, ब ७,९२,७९५, पी१ ३९६२, आणि पी२ ७,२७,११० पासून ३८४ ने वाढत ७,२८,२६२ पर्यंत. हेक्समध्ये बी१८४६ ते बी१सीसी६: वरचा अंक कायम, छेदही ओलांडलेला नाही, म्हणजे इथेही दोनच बाइट पुरतात. पण दर वेळी असं होईलच असं नाही. बाकी वाढता वाढता छेदाच्या पलीकडे गेली तर पी१ एकाने वाढवून पी२ मधून छेद वजा करावा लागतो, आणि वरचा अंक बदलला तर रजिस्टर ३१ ही लिहावं लागतं. तसं निघालं तर कोडमध्ये अपवाद घालत बसण्यापेक्षा मूळ फ्रिक्वेन्सी पट्टीच्या आतच थोडी वरखाली करून तक्ता पुन्हा काढावा. दोनशे हर्ट्झांत सोयीची जागा सापडतेच.